टेक्सासचा रोही

रविवार, संध्याकाळ. उस्मानपुरा.

आज चहाला बसलो असताना उगाच तोंड उघडलं. आतेभाऊ नितीन टेक्सासहून सुट्टीवर आलाय. मीही तिथं नोकरीला होतो तेव्हा आम्ही दोघं परवाना काढून धनुष्यबाणानं शिकारीला जायचो. तिथल्या रानात आपले रोही, म्हणजे नीलगाई, आहेत, कधीकाळी इकडूनच नेलेले. नितीन हुकलेल्या शिकारींचे किस्से सांगत सुटला, म्हणून मीही माझा सांगितला.

रोही अगदी टप्प्यात होता. मी दोरी पूर्ण ताणून ओठांना टेकवलेली. बाण सोडणार, तेवढ्यात आवाज आला, "हुर्रऽऽ हो!" पाचोडच्या शेतात ज्वारी राखताना वडील ओरडायचे, हुबेहूब तसा. रोही उधळला. नितीन म्हणाला, "हाच ओरडला, येड्यासारखा!" घर हसून लोळलं. मीही हसलो.

काका तेवढे हसले नाय. राखणीला वडिलांबरोबर तेच असायचे.

"तुला कुठं येतं रं तसं ओरडाया? शेतात आला की तू तर तोंड मिटून बसायचा."

व्हय. मला ती आरोळी कधी जमलीच नाय. वडील शिकवून थकले. आणि त्या शिकारीच्या वेळी तर त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

मघापासून धनुष्याच्या दोरीसारखा दोरा ताणून ओठांना लावून बघतोय. तोंड उघडत नाय. ओरडणार कसा?

आणि पळायच्या आधी रोह्यानं मान वर केली होती, हे मी सांगितलंच नाय. तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या मागं बघत होता.