समिती आणि अक्काच्या अळ्या

१ डिसें.
सरकारी समिती आज पण आली नाही. पहाटे इंदिरानगरहून निघून शिडलघट्ट्याच्या अलीकडे लक्ष्मक्काच्या शेडपर्यंत गेले, दारात पोचल्यावर मेसेज. साहेबांना दुसरी मीटिंग. झालं.

अक्काने चहा दिला. तिच्या रेशमाच्या अळ्या जोरात खायला लागल्यात, टाकलेला तुतीचा पाला बघता बघता गायब. आमच्या कंपनीने बसवलेली यंत्राची पेटी शेडमधली ऊब आणि ओल नीट सांभाळतेय. गेल्या हिवाळ्यापर्यंत अक्का कोळशाची शेगडी आत पेटवून राखत बसायची, खोकून खोकून बेजार. यंदा शेगडी गोठ्यात पडून आहे आणि अक्काचा खोकला खूपच कमी.

२ डिसें.
निखिलने आज स्पष्ट सांगितलं. (बॉस. पुण्याचा. इतकी वर्षं इथे राहून कन्नडचं एक अक्षर येत नाही, म्हणून फील्डवर कायम मी.) समितीने पास केलं तर पेटी सबसिडीत बसेल. नाही केलं तर हंगाम संपला की सगळ्या शेडमधल्या पेट्या काढून आणायच्या. म्हणजे अक्काची परत शेगडी.

"इमोशनल होऊ नकोस," म्हणे. मी कुठे झाले? मी चिडले होते.

नियम असा की जिवंत अळ्या असताना, आत जाऊन, चालू पेटी बघायची. नियम चांगलाच आहे. पण मग या की वेळेवर. पुढच्या आठवड्यात अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या चौकटीवर, चढतील, कोष विणत बसतील. मग काय बघणार, डोंबल?

४ डिसें.
समितीच्या ऑफिसला फोन. तिथला माणूस अगदी गोड आवाजात, "मॅडम, अळ्यांना स्वल्प थांबवता येईल का? फ्रिजमध्ये वगैरे?"

शेतीतल्या नव्या कल्पनांना पाठबळ देणारं खातं हे. कप्पाळ माझं.

आईला निपाणीला फोन केला, मन मोकळं करावं म्हणून. तर ती, "तू तिथं इंजिनिअर म्हणून गेलीस का किडे पाळायला?" ठेवून दिला फोन.

६ डिसें.
मंगळवार ठरला. पक्का, म्हणतात.

ऑफिसात सगळ्यांना बजावलं. सेंट नको, डासांचं क्रीम नको, शेडच्या दारात पाय धुवायचे. औषध फवारलेलं काही आत गेलं तर अळ्या मान टाकतात, अक्काचं अख्खं पीक जातं. समितीलाही कळवलं. निखिल लॅपटॉपमधून डोकं वर न काढता, "हो गं, कळलं."

९ डिसें., मंगळ.
घात केला मेल्याने.

मी पोचले तर शेडच्या दाराला शेवंतीचं हे भलं मोठं तोरण. टेबलावर गुलाबाचे हार. शाली, फेटे, फळांची टोपली. मार्केटातली फुलं, तीही हंगामातली, म्हणजे औषधाने न्हालेली. "अगं, साहेब लोकांचं स्वागत नको का करायला?" निखिल. सेंट नको म्हटलं होतं, फुलं नको कुठे म्हटलं होतंस, असंही वर.

तोरण ओढून काढलं, लांब नेऊन टाकलं. तोवर गाड्या आल्या, आणि निखिलने माझ्यादेखत तिघांच्या गळ्यात हार घातले.

अक्का दारात आडवी उभी. "बेडा." नको. बाकी काही नाही.

निखिल माझ्या कानाशी, "तिला सांग फुलं ऑरगॅनिक आहेत. पाच मिनिटांचं काम आहे. तुझं ऐकेल ती."

ऐकलं असतं. तेच तर. अक्काने माझ्याकडेच बघून विचारलं, या फुलांवर औषध आहे का गं? समोर समिती, मागे निखिल. पेटी पास झाली तर हिचीच शेगडी सुटणार. 

आहे, म्हटलं. आत सोडू नको कुणाला.

साहेबांना मीच कन्नडमध्ये समजावलं. त्यांनी हार काढला. म्हटलं, अंगाला लागलंय सर, अंघोळ करावी लागेल. साहेब हसले, बाकीचे दोघे नाही हसले. जाळीच्या खिडकीतून लांबूनच बघितलं, इडली खाल्ली, गेले. शेरा: आतून पाहणी झाली नाही.

१० डिसें.
"तू कंपनीची आहेस की अक्काची?" निखिल, सगळ्यांसमोर. उत्तर दिलं असतं तर नोकरी गेली असती. बाथरूममध्ये जाऊन रडून आले. राग आला की रडू येतं, काय करणार.

१३ डिसें.
अक्काचा फोन. अळ्या चंद्रिकेवर चढल्या, एकही मेली नाही. बरं वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

१५ डिसें., सोम.
समितीचं पत्र. अजून एक संधी, शेवटची. जानेवारीत, पुढच्या अळ्यांच्या वेळी, आणि आत प्रवेश मिळणार असेल तरच.

अक्काला विचारलं. तिला वाटलं मी घाबरतेय, मलाच धीर दिला. "येऊ दे की. बंब पेटवून ठेवते. तिघांनी डोक्यावरून अंघोळ करायची, मी देईन ती धुतलेली लुंगी नेसायची, मग खुशाल आत जा म्हणावं. सरी?"

सरी, ठीक, म्हटलं. काय म्हणणार?

निखिलला सांगितलं. त्याने लॅपटॉप मिटला. मग, "तू फोन कर. माझी नाही छाती."

दुपारपासून नंबर काढून बसले आहे. सरकारला अंघोळ करून ये म्हणून कसं सांगतात, कुणी शिकवलंच नाही. रिंग जातेय.