शुक्रवार पाळणारी गाढवं

शनिवार, ११ जानेवारी २०२५. शारजा

गाढव! साक्षात गाढव! जबल जैसच्या घाटात, रस्त्याच्या कडेला, जसं काही माझीच वाट बघत उभं होतं. क्रिस्टोफरनं गाडी पुरती थांबवायच्या आतच मी दार उघडलं. (माझा मुलगा गाडी अशी चालवतो, जणू मांडीवर अंड्यांची टोपली आहे. म्हणून जमलं.) डब्यातली काकडी पुढे केली, तर शहाण्यासारखी खाल्ली! मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. खरखरीत, ऊन लागून तापलेलं. आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मागून नात काव्या ओरडते, "आजी, डोन्ट! इट विल बाइट!" सून संजना सातारची, ती ओरडते, "आई, मागनं जाऊ नका, लाथ घालतंय ते!" आणि क्रिस्टोफर — "आई, यल्ला, बस गाडीत. गाढव चावलं तर इन्शुरन्समध्ये बसत नाही!"

रास अल खैमाहून परत येताना पुन्हा सांगितलं सगळ्यांना. की मी तीन वर्षांची असताना विलायतेत, ब्लॅकपूलच्या वाळूत गाढवावर बसले होते. संजना हसून हसून लाल. "आई, आमच्याकडं गाढवावर बसवतात ते तोंडाला काळं फासून, गळ्यात चपलांची माळ घालून! तुमची धिंड काढली होती का गोऱ्यांनी?"

हसा बाळांनो. हसून घ्या.

रविवार, १२ जानेवारी

कागदा, तुला आज नीट सांगते. तू मध्ये बोलत नाहीस, हा तुझा मोठा गुण.

पप्पा मुंबईत एका गोऱ्या साहेबाचे खानसामा. सत्तेचाळीसनंतर साहेब विलायतेला परत गेला, ब्लॅकपूलला समुद्रावर लहानसं हॉटेल काढलं आणि वर्षभरात पप्पांना बोलावणं धाडलं — "तुझ्या हातच्या कढीवाचून जेवण जात नाही." पप्पा, आय आणि हिलरीदादा वसईहून बोटीनं गेले. मी तिथलीच, तिथं जन्मलेली. मग आयची छाती बिघडली, तिला दवाखान्यात ठेवलं आणि एका हिवाळ्यात ती गेली. तिची माती तिथंच आहे. पप्पा आम्हां दोघांना घेऊन वसईला परत आले, तेव्हा मी जेमतेम चार वर्षांची.

मला काय आठवतं? समुद्रात चालत गेलेला लाकडी पूल. आकाशात घुसलेला लोखंडी मनोरा. (काव्याला सांगितलं तर म्हणते, "लाइक बुर्ज खलिफा?" बाळा, तुमच्या बुर्जाच्या गुडघ्याला लागेल एवढाच असेल. पण मी तेव्हा त्याच्या बुटाएवढी होते ना!) थंड वारा, नाक वाहतंय. घुंगरं. गाढवाची मऊ मान. आणि माझ्या कमरेभोवती एक हात. तो हात आयचा.

बास. एवढीच माझी आय. लग्नाचा एक फोटो आहे, त्यात नुसतं नाक आणि पदर. तो फोटो सगळ्यांचा. हात माझ्या एकटीचा.

म्हणून कुणी त्या गाढवाला खोटं ठरवून हसलं की मला लागतं.

सोमवार, १३ जानेवारी

काव्यानं शाळेत सांगितलं, "माय ग्रँडमदर रोड अ डाँकी." वर्गात कुणी हसलं नाही म्हणे. एकीनं विचारलं, गाढवाचं नाव काय? शहाणी पोर! इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नाव त्याच्या कपाळाच्या पट्ट्यावर लिहिलेलं होतं, पण मला वाचता कुठं येत होतं!

शुक्रवार, १७ जानेवारी

आज मटण नाही. इथं अख्खी शारजा शुक्रवारी बिर्याणीचे टोप उघडते, आणि मी आमच्या जुन्या रीतीनं बांगडा तळते. चर्चमध्ये आता कुणी एवढं कडक पाळत नाही. मी पाळते. सवय जात नाही, जसा हिंगाच्या डबीचा वास जात नाही.

तर बांगडा उलटताना एकदम आठवलं आणि एकटीच हसत सुटले. ब्लॅकपूलला आठवड्यातून एक दिवस वाळूत गाढवं नसायची. मी रडायची. आणि नेमक्या त्याच दिवशी पप्पा घरात मासळी करायचे, मांस नाही. म्हणून मी ठरवून टाकलं होतं, की गाढवंसुद्धा आपल्यासारखी कॅथलिक आहेत, शुक्रवार पाळतात! वसईला आल्यावर हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात उभं राहून सांगितलं. बाईंनी कान पिरगाळला. सगळ्या आळीत माझं नाव पडलं, "गाढवांची जोसे." लग्नाची माळ गळ्यात पडेस्तोवर ते नाव सुटलं नाही.

क्रिस्टोफरला सांगितलं. तो म्हणाला, "आई, गाढवाला कसली सुट्टी? माझा मॅनेजर मला देत नाही!"

रविवार, १९ जानेवारी

आज पोटभर लिहिणार आहे. आनंदानं, कागदा, आनंदानं!

क्रिस्टोफर नोकरीला आहे त्या हॉटेलात मशिनरी बघणारे एक गोरेबुवा आहेत, आता निवृत्त होऊन घरी चाललेत. त्यांना चहाला बोलावलं होतं. मी फुगे तळले. आमचे वसईचे गोल, पोकळ, फुगलेले. बुवांनी एका दमात सहा-सात चेपले. बोलता बोलता संजना विचारते, घर कुठं तुमचं? तर बुवा म्हणाले, ब्लॅकपूलच्या जवळच!

मी खुर्ची पुढे ओढली.

क्रिस्टोफरला मस्करी सुचली. "माय मदर सेज शी वॉज देअर. ऑन अ डाँकी." आणि डोळा मारला. मी बघितलं बरं. मला दिसत नाही असं समजतो, पण मोतीबिंदू काढलाय मी!

बुवा हसले नाहीत. बशी खाली ठेवली. माझ्याकडे वळून हळू, सावकाश विचारलं, "मग मॅडम, मला सांगा — गाढवं कुठल्या दिवशी नसायची?"

क्रिस्टोफर आढ्याकडे बघतोय, की आता आई फसली.

माझं इंग्रजी नातीच्या पुस्तकांवर शिकलेलं. व्याकरण लंगडं, पण चालतं. म्हटलं, "फ्रायडे! फ्रायडे नो डाँकी! फ्रायडे फिश! आय थॉट, डाँकी इज कॅथलिक!"

बुवांनी टेबलावर अशी थाप मारली की फुगे उडाले. हसता हसता डोळे पुसले. म्हणाले, खरं आहे! तिथं गाढवांना शुक्रवारची सुट्टी, गावचा नियमच आहे. त्यांच्या लहानपणीही होता, आजही आहे. "हे नकाशात बघून कळत नाही," म्हणाले, "त्यासाठी शुक्रवारी वाळूत उभं राहून रडावं लागतं."

शुक्रवारी वाळूत उभं राहून रडावं लागतं! कागदा, लिहून ठेव हे!

क्रिस्टोफरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. संजना उठून माझ्या पाया पडली. खरंच पडली, मस्करीत नाही. म्हणाली, "आई, आता गाढवाला हसणार नाही." मी म्हटलं, हस गं, हस. आता कुणीही हसा. आता ते खरं गाढव आहे!

सोमवार, २० जानेवारी

सकाळी उठले तीच महाराणीसारखी. चहा बिछान्यात मागितला. मिळाला!

मंगळवार, २१ जानेवारी

जिंकलेल्या माणसानं गप्प बसावं. पण मला कुठं राहवतं! वसईला हिलरीदादाला व्हिडिओ कॉल लावला. ऐंशी वर्षांचा झालाय, आता फोनच्या पडद्यावर नुसती हनुवटी दिसते. आयुष्यभर मला "ऐकीव कहाण्या सांगते" म्हणणारा हाच पहिला. शुक्रवारची गोष्ट सांगितली. म्हटलं, "बोल आता, दादा!"

हनुवटी डावी-उजवीकडे हलली.

मग म्हणाला, "गाढवं होती, जोसे. मी कधी नाही म्हटलं? तू बसलीही असशील. पण हात आयचा नव्हता. आय दवाखान्यात होती. तिला बाहेर सोडतच नव्हते. साहेबाची मोलकरीण होती एक, ती तुला न्यायची. हात तिचा असेल."

मी म्हटलं, "नाही."

"अगं, तू तीन वर्षांची होतीस. मी दहा वर्षांचा होतो. मला ठाऊक की तुला?"

फोन ठेवला.

बघ, कशी गंमत! इतकी वर्षं सगळं खोटं ठरलं तरी आय माझी होती. गाढव खरं ठरलं आणि आय गेली.

बुधवार, २२ जानेवारी

डाळ करपली. क्रिस्टोफरनं तीच दोनदा वाढून घेतली. लेकरू माझं.

शनिवार, २५ जानेवारी

मी उदास आहे म्हणून सगळे खोर फक्कानला घेऊन आले. डोंगरातून बोगदे पार करत उतरलो, तर समोर एकदम निळं पाणी. लांब बंदरावरच्या क्रेनी माना वर करून उभ्या. काव्या आणि संजना पाण्यात. मी वाळूत चटई टाकून पाय पसरले, डोळे मिटले.

मनात म्हटलं, चल जोसे, शेवटचं एकदा बघून घेऊ. आणि तो हात कुणाचाही निघाला तरी त्याला रामराम करून सोडून देऊ. मोलकरणीचा तर मोलकरणीचा. तिनंही मायाच केली असेल.

वारा. घुंगरं. मऊ मान. हात. आतापर्यंत मी नेहमी हाताकडेच बघत आले. आज पहिल्यांदा ऐकलं.

हात बोलत होता!

कानाजवळ, धापा टाकत, दमलेला बाईचा आवाज — "घट्ट बस गो बाय."

डोळे उघडले तर समोर खोर फक्कान. हसू आवरेना. गो बाय! अरे, गोऱ्या मोलकरणीला आमची वसईची बोली कुणी शिकवली? अख्ख्या ब्लॅकपूलात "गो बाय" म्हणणारी बाई होती एकच!

चटईवरूनच दादाला फोन लावला. त्याला "हॅलो"सुद्धा म्हणू दिलं नाही.

"दादा, मोलकरीण इंग्रजीत बोलायची ना रे?"

"मग काय फारसीत बोलणार?"

"मग 'घट्ट बस गो बाय' कोण म्हणालं?"

त्यानं फोनच ठेवून दिला. त्यानं ठेवला, मी नाही!

क्रिस्टोफर शहाळं घेऊन आला. "काय झालं, आई? एकटीच हसतेस?"

म्हटलं, "आय आली." तो शेजारी वाळूत बसला, नवी पँट असून. मी अख्खं शहाळं एकटीनं प्यायले. सत्तरी उलटलेल्या बाईला आई मिळाली, तर तिनं शहाळंसुद्धा वाटून प्यावं का?

रविवार, २६ जानेवारी

दुपारी दादाचाच फोन. आज पडद्यावर पूर्ण चेहरा. रडवेला.

म्हणाला, त्यानंच आयला दवाखान्याच्या मागच्या दारानं बाहेर काढलं होतं. तीच मागे लागली होती — एकदा पोरीला बघू दे. त्या वाऱ्यानंतर ती उठलीच नाही. "मी तिला मारलं, जोसे. म्हणून म्हणत आलो, ती आलीच नव्हती."

मी म्हटलं, "वेड्या दादा, तू आणली नसतीस तर मला आय कुठली? माझ्याकडे जेवढी आय आहे, तेवढी सगळी तू आणलेली!"

लहान मुलासारखा रडला. रडू दिलं. मग नाक पुसत म्हणाला, "तुला अर्धंच ऐकू आलं गो. तिच्यात उभं राहायचं बळ नव्हतं. ती म्हणाली होती — घट्ट बस गो बाय, तुलाच धरून चालायचं हाय मला."

म्हणजे आय मला सांभाळत नव्हती. मी आयला चालवत होते!