दुमड नसलेलं झबलं

प्रिय ठकू,

पत्र बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. फोन असताना आईला हे काय सुचलं, म्हणशील. पण फोनवर तू ‘बरं, ठेवते’ म्हणायच्या आत माझ्या तोंडून नको तो प्रश्न निघून जातो. कागदावर निदान खोडता तरी येतं. पहिल्याच ओळीत एक आला होता, तो खोडलाय. उजेडात धरून वाचत बसू नकोस.

इथलं ठीक आहे. शाळा उघडायच्या आधी असतो तसा दुकानात गणवेशांचा ढीग पडलाय. प्रत्येकीचं एकच म्हणणं, वाढत्या अंगाचं शिवा. मी मान डोलावते आणि खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवते, म्हणजे पोर उंच झालं की उसवून सोडता येतं. मध्येच उठून गॅस बघून आले. बंदच होता. मघाशीही बंदच होता.

या दुमडीवरून तू मला जन्मभर बोललीस. तुझ्या अंगाला एकही कपडा नवा असताना बसला नाही, बसेपर्यंत तो विटलेला असायचा, हे तुझं गाऱ्हाणं. त्या निळ्या फ्रॉकला तर मी वीतभर दुमड ठेवली होती, आणि ती उसवायची वेळ येण्याआधीच तू रागाने तो घालायचा सोडलास. मला अजूनही त्यात चूक वाटत नाही. मुलं वाढतात, आणि शिवणाऱ्याने पुढचं बघूनच कात्री चालवायची असते. तुझे बाबा म्हणायचे, ही बाई सकाळचा चहा पिताना संध्याकाळचा ढवळत असते. म्हणेनात का. संध्याकाळी चहा वेळेवर मिळायचा तेव्हा कुणाची तक्रार नव्हती.

त्या दिवशी दवाखान्यातून तू मला घरी पाठवलंस, त्याचा राग मात्र आला. तू म्हणालीस, आई, तू इथे आहेसच कुठे. मी तर सकाळपासून काचेच्या पेटीला चिकटून उभी होते. वेळेच्या इतकं आधी आलेलं तुझं ते पोर, त्याच्यावरून माझी नजर हलली नव्हती, असं मला वाटत होतं. हां, विचारत होते. वजन कधी भरेल, घरी कधी सोडतील, ऐकू नीट येईल ना, चालायला उशीर लागेल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजचा दिवस बघू, उद्याचं विचारू नका. त्यावर मी परवाचं विचारलं. जावईबापूंनी मान खाली घातली. वर मी पिशवीतून वर्षाच्या मुलाला होतील असे शर्ट काढले. बाजारात तुरी म्हणतात त्यातली गत. तू ते शर्ट घडी घालून परत पिशवीत ठेवलेस. रागावली असतीस तर बरं वाटलं असतं.

मग जावईबापूंनीच वाचनालयाच्या वरच्या खोलीत ध्यान शिकवतात त्या सरांकडे मला धाडलं. सर पूर्वी शाळेत कवायत घ्यायचे, त्यामुळे शांत व्हा हेही ते असं म्हणतात की सगळे दचकतात. डोळे मिटा, आत येणारा श्वास बघा, बाहेर जाणारा बघा. मन पळालं तर रागावू नका, हाताला धरून परत आणा. हीच प्रार्थना, आत्ताचा क्षण सोडून देव दुसरीकडे कुठे राहत नाही, असं ते सांगतात. माझं बूड टेकेल तर ना. आधी काजं-गुंड्या आठवायच्या. मग श्वास म्हटलं की बाळाचाच श्वास आठवायचा, आणि पुढचा येईल ना या धास्तीने माझाच अडकायचा. मी उठून जिन्यात जाऊन उभी राहायचे. शेवटी सर म्हणाले, बसून जमत नसेल तर जे काम हाताला येतं त्यात करा.

म्हणून बाळासाठी काहीतरी बेतायला घेतलं. कापड पसरलं, खडू उचलला आणि हात जागच्या जागी राहिला. माप कुठलं घ्यायचं? रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा खांदा मी नुसत्या नजरेने सांगते, आणि माझ्याच नातवाचा खांदा मला आठवेना. दप्तर पाठीला लावलेला आठवत होता, सायकलवरून पडलेला आठवत होता. काचेतला आठवत नव्हता. ठकू, त्याला मी बघितलंच नव्हतं. मशीनवर डोकं टेकून पुष्कळ रडले.

परवा दुपारी मी येऊन गेले, तुला माहीत नाही. तू खुर्चीत झोपली होतीस, लहानपणी झोपायचीस तशी तोंड उघडं टाकून. नर्सबाईंनी ओठांवर बोट ठेवून मला आत घेतलं. त्याचा खांदा माझ्या दोन बोटांएवढा आहे. छातीला तारा चिकटवल्यात, डाव्या पायाला पट्टी आहे, कानांवर बारीक लव आहे. छाती वर येते, जरा थांबते, मग खाली जाते. ती थांबली की माझं मन लगेच पुढे धावायचं. तेवढ्यात तो श्वास घ्यायचा, आणि मला परत यावं लागायचं. हाताला धरून आणणं म्हणजे हेच असणार, फक्त हात त्याचा होता. तू दिवसभर हेच करत बसतेस आणि मी तुला उद्याचं विचारून छळत होते. भीती गेली असं मी म्हणणार नाही. आत्ताही हे लिहिताना पाय हलतोय.

सोबत एक झबलं आहे. पुढून उघडं, बंदांचं, तारा निघायला बगलेत फट ठेवलेली, शिवण टोचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला घेतलेली. कापड त्या निळ्या फ्रॉकचं, तेही दुमडीचं. कधी उसवलीच नव्हती, त्यामुळे आतला रंग अजून नवा आहे. खाली एक बोटसुद्धा वाढीव ठेवलेलं नाही. जन्मात पहिल्यांदा असं कापलं. ते त्याला आज बसेल. नर्सबाई हो म्हणाल्या तर आजच घाल, चांगलं म्हणून ठेवून देऊ नकोस. पत्र पोस्टात टाकलं नाही ते यासाठीच, जावईबापू वर आणून देतील. तू हे वाचशील तेव्हा मी खाली दवाखान्याच्या दाराजवळच्या बाकावर असेन. बोलावलंस तर वर येईन आणि काही विचारणार नाही. नाही बोलावलंस तर तिथेच बसून राहीन.

तुझीच,
खाली बाकावर बसलेली
आई