उखळाला दोघं लागतात

१ जुलै, शनिवार
आई आली. किगाली विमानतळावर तिने आधी मला नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, वाळलास. तीन वर्षांत माझे दोन पट्टे आखूड पडले, पण ते आईला सांगण्यात अर्थ नाही.

प्लॅन पक्का आहे. मागे अंगणात पडली तेव्हापासून आईला गावी कुमासीत एकटं ठेवायचं नाही, यावर माझं आणि सेरवाताईचं एकमत आहे. वाद एवढाच की माझ्याकडे किगालीत, की ताईकडे तेमाला. ताई म्हणते, तुझ्याकडे तिचे हाल होतील, तुला धड चहा येत नाही. निकाल आईने स्वतःकडे ठेवलाय. "जिथलं अन्न मला गोड लागेल, तिथे मी राहीन." परतीचं तिकीट सोळा तारखेचं आहे. ते कॅन्सल होणार.

आईचं अन्न म्हणजे फुफू, कसावा (साबुदाण्याचा कंद) उकडून उखळात कुटलेला मऊ गोळा. आणि मी दर रविवारी फुफू कुटतो, हे फोनवर सगळ्यांना सांगून ठेवलेलंच आहे. (कुटायचा विचार दर रविवारी करतो. मनाने तयारी असली की निम्मं काम झालं.)

२ जुलै, रविवार
आज आराम. बाहेरून बकऱ्याचे भाजलेले तुकडे आणि तळलेले बटाटे मागवले. आईने एक तुकडा खाल्ला, बाकीचे माझ्याकडे सरकवले. प्रवासाचा शीण असणार.

३ जुलै, सोमवार
उखळ आलं. सुताराला मी स्वतः ड्रॉइंग काढून दिलं होतं, शेवटी मी इंजिनिअर आहे. आपल्याकडचं असतं तसं पसरट. इथे कसाव्याचा पाला कुटायला खोल उखळ वापरतात, त्यात हात घालून गोळा उलटणार कसा? मुसळ माझ्यापेक्षा हातभर उंच. अस्सल.

आईने उखळावरून हात फिरवला. मग विचारलं, आधीचं कुठे गेलं? म्हणालो, तडकलं.

४ जुलै, मंगळवार
सुट्टी. उद्घाटन. पहिला घाव घालायला मुसळ उचललं आणि छताची ट्यूबलाईट फुटली. काचा सगळ्या उखळात. घर बांधणाऱ्याने जेवणाचा विचारच केलेला नाही.

संध्याकाळी ब्रेड आणि अंडं. आई म्हणाली, चालेल. तिचं 'चालेल' मला ओळखीचं आहे. बाबांच्या भावाचं लग्न ठरलं तेव्हाही असंच म्हणाली होती.

५ जुलै, बुधवार
मुसळ कापून आखूड केलं. कसावा आणि कच्ची केळी उकडून कुटायला घेतली. एक घाव मारायचा, मुसळ भिंतीला टेकवायचं, वाकून गोळा उलटायचा, पुन्हा मुसळ. तोवर गोळा गार. गुठळ्या राहिल्या, पण थोड्या गुठळ्या पचनाला चांगल्या असं मी कुठेतरी वाचलंय.

आई स्टूल घेऊन आली, मी उलटते म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. तिची नजर अधू, हात थरथरतो. एकाने उलटायचं आणि दुसऱ्याने घाव घालायचा म्हणजे घावागणिक बोटं मुसळाखालून काढायची. माझ्या हातून आईची बोटं चेचली गेली तर? तिला खोलीत पाठवलं. ट्रे नेऊन दिला, चमच्यासकट. हॉटेलात देतात तसा.

मी स्वतः ऑफिसच्या कॅन्टीनमधून जेवून आलो होतो. दोघांचं कुटायचं म्हणजे वेळ फार जातो.

नंतर खालच्या मुकांदोलीबाई आल्या. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. भिंत पाडायची परवानगी घेतलीत का, असं विचारलं. बाई इतक्या हळू बोलतात की धडकी भरते.

७ जुलै, शुक्रवार
ट्रे परत आला. गोळ्यात बोटांच्या खुणा होत्या, म्हणजे खाल्लं. गोळा तेवढाच वाटला, पण फुफू फुगतं.

९ जुलै, रविवार
ताईचा फोन. आई जेवते का? म्हटलं, उत्तम. मग ताईने फोन आईला द्यायला सांगितला. आई म्हणाली, मुलगा फार कष्ट घेतो. ताईने विचारलं होतं जेवणाचं, उत्तर आलं माझ्या कष्टांचं. तरी मला ते ऐकून बरं वाटलं.

ताईला एक गोष्ट कळत नाही. फुफू आमच्या रक्तात आहे. बाबा गेले त्या वर्षी सबंध पावसाळाभर आमच्या घरातला कुटण्याचा आवाज एक संध्याकाळ चुकला नाही. आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, धूळ जाऊ नये म्हणून, आणि धप् धप् सुरू. कुंपणापलीकडचे लोक म्हणायचे, ह्या बाईच्या घरी रोज कुटलं जातं. आम्ही धाकटी मुलं भिजवलेली गारी (कसाव्याचा रवा, शिजवावा लागत नाही) खाऊन लवकर झोपायचो, तो आवाज ऐकत ऐकत. असं आमचं घर. अशा घरच्या मुलाला फुफू जमत नाही म्हणे.

१० जुलै, सोमवार
मुकांदोलीबाई पुन्हा. आणखी एकदा आवाज आला तर वस्तीच्या प्रमुखांकडे जावं लागेल. त्यांना तसं करायला आवडणार नाही, हेही सांगितलं. पुढे विचारलं, हे एवढं रोज कशासाठी? म्हटलं, आईच्या जेवणासाठी. त्या मान हलवून जिना उतरून गेल्या. मला वाटतं, माझ्या बोलण्याची जरब बसली.

११ जुलै, मंगळवार
आईने कमरेचं कापड आज दोनदा गुंडाळून गाठ मारली. पहिल्या दिवशी एकदाच गुंडाळलं होतं. व्हिडिओ कॉलवर ताईच्या ते लगेच लक्षात आलं. ती ओरडली नाही. म्हणाली, सोळाला मी अक्राच्या विमानतळावर असेन. तिकीट ठेव तसंच.

आईला विचारलं, काय हवंय? काही नको म्हणाली. दिवसभर काय करतेस? म्हणाली, खिडकीतून बघते, ह्या गावाला किती टेकड्या आहेत. बघ, टेकड्या आवडल्यात तिला. फक्त जेवणाचा प्रश्न उरलाय.

१२ जुलै, बुधवार
तोडगा सापडला. साइटवर आपल्याकडचा, अक्राचा एक सर्व्हेअर आहे, त्याने फुफूच्या पावडरचं पाकीट दिलं. पाण्यात कालवा, ढवळा, झालं. आईच्या लेखी पावडरचं फुफू म्हणजे कागदाचं जेवण. पण तिला कळलं तर ना.

अडचण एकच, आवाज. कुटल्याशिवाय फुफू आलं तर आई ओळखणार. म्हणून स्वयंपाकघराचं दार लावायचं, गॅसवर पावडर ढवळायची आणि मधूनमधून रिकाम्या उखळात मुसळ हाणायचं. तळाशी टॉवेलची घडी, म्हणजे आईच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल, खालच्या मजल्यावर नाही. इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच.

१३ जुलै, गुरुवार
यश. गोळा मऊसूत, चकचकीत. आईने अर्धा खाल्ला. आज गुठळी कशी नाही, असं विचारलं. सवय झाली म्हटलं. उलटलं कोणी? मीच. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कौतुकाने. तिकीट उद्या कॅन्सल करतो.

१४ जुलै, शुक्रवार
लिहावंसं वाटत नाही.

टॉवेलवर मुसळ हाणत होतो. दार उघडलं. आईने गॅसवरचं पातेलं पाहिलं, फाटलेलं पाकीट पाहिलं, टॉवेल पाहिला. मी म्हटलं, टॉवेल वाळवतोय. का म्हटलं कोण जाणे.

आई स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"क्वाकू, रिकाम्या उखळाचा आवाज मला ओळखू येणार नाही होय? तुझे बाबा गेले त्या वर्षी मी तोच तर वाजवत होते. घरात काही शिजत नाही हे लोकांना कळू नये म्हणून."

मी म्हटलं, नाही, आपण रोज फुफू खायचो. ती म्हणाली, तू गारी खाऊन झोपायचास. मी म्हटलं, तुझ्या लक्षात नाही, वय झालं की असं होतं. ती उठून खोलीत गेली.

ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुला खरंच माहीत नव्हतं? आम्ही मोठी मुलं दारापाशी बसून असायचो, कोणी आत डोकावू नये म्हणून.

जेवलो नाही. कॅन्टीनमध्येसुद्धा नाही.

१५ जुलै, शनिवार
सकाळी आईने स्वतः कसावा सोलला, उकडला. स्टूल उखळाजवळ ओढलं, हात ओले केले आणि म्हणाली, उचल मुसळ.

मी उचललं आणि तसाच उभा राहिलो. तिची बोटं उखळात, थरथरत होती. पहिला घाव इतका हळू घातला की कसावा हललासुद्धा नाही. दुसरा घालताना मध्येच थांबलो आणि मुसळ तिच्या अंगठ्याला घासून गेलं. माझ्या तोंडून आवाज निघाला, तिच्या नाही.

"थांबतोस म्हणून लागतं. तू तुझा ताल धर, माझी बोटं मी सांभाळते."

डोळे मिटावेसे वाटत होते, पण मिटले नाहीत. घाव, तिचा हात, घाव, तिचा हात. थोड्या वेळाने तिचा हात थरथरायचा थांबला. की माझा, ते सांगता येत नाही. घाम नाकावरून उखळात पडत होता आणि ती म्हणाली, मीठ घालायला नको आता. मला हसू आलं, पण ताल सोडला नाही.

खालून कोणी वर आलं नाही.

एकाच वाडग्यात जेवलो, जमिनीवर बसून, हाताने. गोळ्यात दोन गुठळ्या होत्या. आईने वाडगा बोटाने पुसून घेतला. अन्न गोड लागलं का, असं विचारलं. लागलं म्हणाली. मी फोन काढला, तिकीट कॅन्सल करायला.

ती म्हणाली, राहू दे.

मी म्हटलं, तूच म्हणाली होतीस. पुढे बरंच बोललो. कसावा नेहमी मिळेल, मुसळ नवीन करू, ट्यूबलाईटही काढून टाकू. ती ऐकत होती. मग मला विचारलं, सोमवारी दुपारी कुठे जेवशील? म्हटलं, ऑफिसात. मंगळवारी? मी फोन खिशात ठेवला.

"दहा दिवस मी ट्रेसमोर एकटी बसले, बाळा. तुझ्या हातात कधीच खोट नव्हती. घास एकटीला गिळत नाही मला. सेरवाकडे निदान पोरं आहेत, भांडत भांडत जेवतात."

तिची बॅग भरलेली होती. कधीची, ते विचारलं नाही.

१६ जुलै, रविवार
विमान वेळेवर गेलं. गेटपाशी आई म्हणाली, वाळलास. ह्या वेळी खरं असावं.

घरी आलो. उखळ विकून टाकावं असा विचार केला. मग वाटलं, ती डिसेंबरात परत येईल. तसं ती काही म्हणालेली नाही.

१७ जुलै, सोमवार
ताईचा फोन. आई जेवली, दोनदा वाढून घेतलं. छान, म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. मग फोन ठेवून बराच वेळ ओट्याजवळ उभा राहिलो. आज रात्रीपासून घरी रोज नीट शिजवून खायचं, असं ठरवलं आणि ऑफिसातून आणलेला बटाट्यांचा डबा उघडला.

तेवढ्यात बेल. मुकांदोलीबाई. म्हणाल्या, काल आणि आज आवाज आला नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "तसं नाही. घरात सगळं ठीक आहे ना? आई जेवतात ना?"

आई गेली, हे तोंडातून निघालं नाही. म्हटलं, ठीक आहे सगळं, आता कुटायलाच घेत होतो. बरं झालं म्हणाल्या आणि हळूहळू जिना उतरून गेल्या.

स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मुसळ उचललं आणि कुटत राहिलो. उखळात काही नव्हतं. टॉवेलसुद्धा घातला नाही, खाली नीट ऐकू जावं म्हणून.