चेंडू वर जातो तेव्हा

विष्णुपुरी, नांदेड
२ सप्टेंबर २०२४

ती. प्रीतममामांस,
बुद्धप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

निलंग्याच्या पोस्टात जन्म काढलेल्या माणसाच्या भाचीनं फोनवर नुसतं "बरी आहे" म्हणून भागवू नये, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून हे पत्र. फोनवर आई शेजारी असते, तेव्हा बरी आहे असंच म्हणावं लागतं. पत्रात खरं लिहिते. मला इथं करमत नाही.

वर्गातल्या मुलींचे अकरावीपासूनचे गट आहेत. कुणी वाईट वागत नाही, पण बाकावर सरकून जागाही करून देत नाही. दिवसभरात मी बोलते ते मेसमध्ये वाढणाऱ्या बाईंशी, तेही "बास" एवढंच. संध्याकाळी होस्टेलच्या खिडकीतून धरणाचं पाणी बघत बसते. मामा, दिवाळीनंतर निलंग्याच्या कॉलेजात बदली मिळते का, जरा चौकशी कराल? आईला इतक्यात सांगू नका. आमच्या घरातून होस्टेलला राहिलेली मी पहिलीच, याचा तिला फार अभिमान आहे.

खोलीत माझ्याबरोबर रेणुका आहे, जळकोटची, तिसऱ्या वर्षाची. कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये खेळते. उजाडायच्या आत जाते, दमून येते आणि झोपते, त्यामुळे ती असून नसल्यासारखी. काल ती गुडघ्याचे पॅड विसरून गेली. ते द्यायला मी मैदानावर गेले, तर तिनं बसवूनच घेतलं. त्यांची टीम हरली. माझ्या मागच्या मुलांचे घसे बसले होते आणि एकानं तर डोळे पुसले. एका चेंडूसाठी. मला काही समजलं नाही.

मग तुमची आठवण झाली. लातूरच्या तुमच्या कॉलेजची मॅच असली की तुम्ही रजा टाकून जाता, ऊन असलं तरी तो जुना तपकिरी स्वेटर घालता, आणि हरून आलात की जेवत नाही. मामी म्हणते की तिला जगातलं सगळं कळतं, फक्त वीजबिल आणि मॅचच्या दिवशीचा नवरा कळत नाही. माणूस असा कशानं होतो, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आता सांगा.

मामीला जयभीम. माझी आठवण काढत राहा.

तुमची भाची,
बुद्धप्रिया


निलंगा
९ सप्टेंबर २०२४

चि. बुद्धप्रिया हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आलेलं पाकीट मीच छाप मारून मीच घरी घेऊन गेलो. मामीनं विचारलं, पोरीनं काय लिहिलंय. मी म्हणालो, बरी आहे. म्हणजे बघ, खोटं बोलायची पाळी तू माझ्यावर आणलीस.

बदलीची चौकशी करतो. ते काही अवघड काम नाही आणि त्यात कमीपणाही नाही. पण दिवाळीला येशील तेव्हा समोरासमोर बसून बोलू, मग ठरवू. तोवर माझं एक ऐक. पुढची मॅच असेल तेव्हा पुन्हा जा. लांब खुर्चीवर बसू नको, जाळीजवळ जा. चेंडू हाताला लागतो त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. नाही आवडलं तर उठून ये, कुणी अडवत नाही.

माझं म्हणशील तर ते पत्रात मावेल असं वाटत नाही. आणि आत्ता सांगितलं तरी तुला ते गोष्टीसारखं वाटेल. थोडं थांब.

सकाळी काही खाल्ल्याशिवाय वर्गाला जाऊ नको. मामीनं शेंगदाण्याची चटणी केली आहे, नांदेडला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो. तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं लिहीत नाही.

तुझा मामा,
प्रीतम


विष्णुपुरी, नांदेड
१ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
बुद्धप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

चटणी मिळाली आणि संपलीसुद्धा. का संपली ते पुढे कळेल.

परवा आमच्याच मैदानावर मॅच होती. तुमचं ऐकून जाळीजवळच्या कठड्यावर बसले. शेजारी कँटीनच्या सरस्वतीबाई होत्या. त्या दर मॅचला गल्ला बंद करून येतात म्हणे. रेणुका टीमची बूस्टर आहे, म्हणजे चेंडू जाळीजवळ उंच उडवून मारणारीला देणारी. मारणारीचं नाव सगळे घेतात, हिचं कुणी घेत नाही. तिची दोन बोटं पट्टीनं एकत्र बांधलेली होती. चेंडू घेतला की तिचा चेहरा क्षणभर आवळायचा आणि लगेच सरळ व्हायचा. जवळ बसल्यामुळे मला ते दिसत होतं.

आपली बाजू पडत होती. अशात समोरून एक फटका इतका जोरात आला की चेंडू आमच्या मुलीच्या हाताला लागून पार आमच्या मागं, सायकली लावतात तिकडं उडाला. सगळ्यांनी तो सोडून दिला होता. रेणुका धावली. कठड्यावरून उडी मारून, आमच्या मधून. मैदानाकडे तिची पाठ होती, समोर सायकली. तिनं न बघता मूठ डोक्यावरून मागं मारली आणि सायकलींवर कोसळली. मामा, तो चेंडू आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून परत आला. मी मान वर करून बघत होते, तो येतच होता. जिथं पडायला हवा तिथंच आला आणि आमच्या मारणारीनं, समीक्षानं, तो पलीकडे मारला.  मग पहिली टाळी समोरच्या टीमच्या मुलींनी वाजवली.

रेणुका सायकलींतून उठली. नडगीतून रक्त येत होतं. तिनं एवढंच विचारलं की पॉइंट मिळाला का. मिळाला म्हणून मी ओरडून सांगितलं, तेव्हा मला कळलं की मी उभी आहे आणि माझा हात सरस्वतीबाईंच्या हातात आहे. कुणी कुणाचा धरला, दोघींनाही सांगता येणार नाही.

एवढं होऊन आपण हरलो. खोलीत येऊन मी रडले आणि रेणुकानंच मला चहा करून दिला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत, कधी न बोललेली एक मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली की रेणुकाचा पाय कसा आहे. तिथून आम्ही बोलत बोलत मेसपर्यंत गेलो. रात्री चौघीजणी खोलीवर आल्या. चटणी त्यांनी संपवली.

बदलीचं तूर्त विचारू नका. आणि आता तरी तुमचं सांगा.

तुमची,
बुद्धप्रिया


निलंगा
८ ऑक्टोबर २०२४

चि. बुद्धप्रिया हीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधीच्या पत्रात तू "त्यांची टीम हरली" असं लिहिलं होतंस. या खेपेला "आपण हरलो" लिहिलंस. ते मी मामीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, हरल्याचं काय एवढं वाचून दाखवता. पण आता तुला सांगायला हरकत नाही.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी लातूरला बी.ए.ला होतो. किल्लारीकडची गावंच्या गावं गेली, हे तू शाळेत शिकली असशील. लातूरची माणसंसुद्धा कित्येक आठवडे घरात झोपत नव्हती. आमच्या कॉलेजचं मैदान हॉस्पिटलला लागून. जखमींचे नातेवाईक तिथं ताडपत्र्या टाकून राहत होते. आम्ही पोरं त्यांना चहा, जेवण, पाणी नेऊन द्यायचो. शेकडो माणसं, पण मैदानावर आवाज नसायचा. लहान लेकरंसुद्धा हळू रडायची.

आमच्या टीमचा बूस्टर शरणप्पा तिकडच्याच एका गावचा. त्याची आई आणि भाऊ गेले होते. बाप हॉस्पिटलात, दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये. तो दिवसभर बापाच्या खाटेजवळ आणि संध्याकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर बसायचा. त्याच्याशी काय बोलावं हे कुणालाच कळत नव्हतं. मी तर आधीही कधी बोललो नव्हतो. खेड्यातून आलेला, बुजरा. कॉलेजनं मला कधी हाकललं नाही, पण ते माझं आहे असंही मला वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी खेळाच्या किशनराव सरांनी एका कोपऱ्यात जाळी बांधली. एक प्राध्यापक चिडले. एवढी माणसं दुःखात आहेत आणि तुम्हाला खेळ सुचतो, असं म्हणाले. सर म्हणाले की मला दुसरं काही येत नाही.

पोरं शिक्षा झाल्यासारखी खेळत होती. अशात चेंडू घरंगळत शरणप्पाच्या पायाशी गेला. तो त्याच्याकडे बघत राहिला. खेळ थांबला. मग त्यानं चपला काढल्या, चेंडू उचलला आणि जाळीजवळ आपल्या जागेवर येऊन उभा राहिला.  पहिला चेंडू त्याच्याकडे आला आणि त्यानं तो बोटांवर घेऊन वर सोडला. झोपलेलं मूल उचलावं तसा. तो चेंडू अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

ताडपत्र्यांखालून माणसं बाहेर यायला लागली. डोक्याला पट्टी बांधलेल्या एका बाईनं लेकराला दिसावं म्हणून वर धरलं. टाळी कुणी वाजवत नव्हतं. माझ्याजवळ एक धोतर नेसलेले म्हातारबाबा होते. त्यांना मी रोज चहा देत होतो, पण त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. त्यांनी मला विचारलं, किती झाले? मला आधी समजेना. ते गुण विचारत होते. मी सांगितले. मग म्हणाले, हा पोरगा कुठला? मी गाव सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे आमच्याकडचाच हाय. पुढचा पॉइंट झाला तेव्हा त्यांनी एकट्यानं टाळी वाजवली. मग मी. मग सगळं मैदान.

मी त्या टीमचा झालो तो तेव्हा. शरणप्पा पुढं कुठं गेला, मला माहीत नाही. त्याला माझं नावसुद्धा ठाऊक नसेल. दरवर्षी नवी पोरं येतात, आता मुलींचीही टीम आहे. मी कुणालाच ओळखत नाही. पण पहिला चेंडू वर जातो तेव्हा अजून तेच नवल वाटतं, की एवढं सगळं होऊनही माणसाचे हात असं काही करू शकतात.

मामीला हे मी कधी सांगितलं नव्हतं. आज वाचून दाखवलं. ती ताट वाढायला उठली.

जपून राहा. पत्र लिहीत जा, माझा तेवढाच पोस्टावरचा हक्क.

तुझा मामा,
प्रीतम


विष्णुपुरी, नांदेड
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
बुद्धप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं मागचं पत्र मी रेणुकाला वाचायला दिलं. तिनं वाचलं, घडी घातली, आणि सरावाला निघून गेली.

बातमी अशी की विद्यापीठाच्या स्पर्धेत आपण फायनलला पोचलो. आठ डिसेंबरला, रविवारी, लातूरला. समोर कोण, ते तुम्हाला आधीच कळलं असेल. तुमचंच कॉलेज. आपल्या मुलींनी या स्पर्धेची ढाल आजवर कधी जिंकलेली नाही, आणि रेणुकाची ही शेवटची मॅच. पुढं ती पोलीस भरतीची तयारी करणार आहे. बोटं अजून पुरती बरी नाहीत. डॉक्टर नको म्हणाले होते, ती ऐकत नाही.

तुम्ही मामीला घेऊन याच. कुठल्या बाजूला बसणार, ते मी विचारत नाही. भाची म्हणून आशीर्वाद द्या, टाळ्या तुमच्या तुम्ही कुणाला द्यायच्या त्याला द्या.

वाट बघते.

बुद्धप्रिया


निलंगा
११ डिसेंबर २०२४

चि. बुद्धप्रियास,
तुझ्या मामीचा आशीर्वाद.

मी आजवर कुणाला पत्र लिहिलेलं न्हाई. पोस्टातल्या माणसाची बायको, पर लिहायचं ते हेच लिहायचे. रविवारपासून तुझा मामा घरात बोलंना झालाय. मग मी कुणाशी बोलू? तू तिथंच होतीस, तुला सगळं ठाऊक हाय. तरी लिहिते. मला काय दिसलं ते कुणाला तरी सांगितल्याबिगर मला चैन न्हाई.

मी नांदेडच्या बाजूला बसले ते सावली होती म्हणून. तुझा मामा पलीकडं उन्हात, स्वेटर घालून. मला वाटलं, घटकाभर बसू, मग बाजारात चक्कर मारू. पर एकदा तुमची ती समीक्षा वर उडाली आन् मला वाटलं ही खाली येतच न्हाई. बाईमाणूस इतकं वर जातंय, हे मी कधी बघितलं नव्हतं. आमच्या वेळी पोरगी धावली तरी घरचे रागवायचे.

लातूरच्या पोरी बी काय कमी न्हाईत. एकीनं तर जमिनीवर पालथं पडून हाताच्या मागच्या बाजूनं चेंडू उचलला. दोन्हीकडचे गुण बराबरीत आले. शेवटी तो चेंडू इकडून तिकडं, तिकडून इकडं, खालीच पडंना.   मग तो रेणुकाकडं आला. समद्यांना वाटलं ती समीक्षाला देणार. लातूरच्या पोरी तिकडंच धावल्या. आन् रेणुकानं मान बी न हालवता चेंडू मागं सोडला. तिथं ती बारकी पोरगी एकटी उभी होती, जिच्याकडं कुणाचं ध्यान नव्हतं. तिनं मारला. जाळीपलीकडं समदी जागा रिकामी होती.

कुणीतरी बाई लई मोठ्यानं ओरडली. मी वळून बघितलं कोण हाय म्हणून. मीच होते.

तू पोरींच्या गराड्यात होतीस, म्हणून तुला दिसलं नसंल. तुझा मामा जाळीला वळसा घालून रेणुकापाशी आला. मला भीती वाटली, आता हे काय बोलतात. त्यांनी हात जोडले आन् म्हणाले की असे हात मी याआधी एकदाच बघितलेत. तिचे डोळे भरले.  हे बसमध्ये निलंग्यापर्यंत खिडकीतून बघत आले. हरल्याचं दुःख बी होतं आन् दुसरं बी काहीतरी होतं. मी विचारलं न्हाई.

काल मी त्यांना म्हणाले, तुम्ही बोलू नका, पर मला एवढं समजावून सांगा की त्या पोरी मधेच जागा का बदलतात. तेव्हा उठले. अंगणात खडूनं चौकोन आखला, सहा जागी सहा वाट्या मांडल्या आन् एकेक वाटी पुढं सरकवून दाखवली. सर्व्हिस आपल्याकडं आली की साऱ्यांनी एकेक जागा सरकायचं. जी मागं हाय ती पुढं येणार, जी पुढं हाय ती मागं जाणार. किती बी मोठी खेळणारी असू दे, तिला चुकत न्हाई. एका कोपऱ्यात उभं राहून कुणालाच सगळा खेळ काढता येत न्हाई. मी लई येळ त्या वाट्यांकडं बघत बसले. एवढा चांगला नियम कुणी केला असंल?

पुढची मॅच कधी हाय ते मला कळव. पत्र माझ्या नावानं टाक, त्यांच्या न्हाई. येताना साऱ्या पोरींना भाकरी आन् चटणी घेऊन येते.

माया हायच, तू बी ठेव.

तुझी मामी,
राजकन्या