दर शनिवारी पुसलेल्या कुकीज

मी, पुस्तकबांधणीचा व्यवसाय करणारी, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरं कोणी उरलेलंच नाही.

१. राहतं घर, खालची बांधणीची खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावी. सहा वर्षांपूर्वी, तिचे बाबा गेल्यावर, "या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही" असं ती म्हणाली होती. तिने घर विकलं तरी माझी हरकत नाही.

२. दाबयंत्र, कटर आणि दाभणं माझ्याकडे वीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या बाईंना. दाबयंत्राचा स्क्रू उलटा फिरतो हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या नवऱ्याने मध्ये लुडबुड करू नये.

३. शिडी धाकट्या दिरांना. तशीही ती अकरा वर्षं त्यांच्याकडेच आहे. "उद्या आणून देतो, वहिनी," म्हणून नेली होती.

४. खोलीतला कॉम्प्युटर मुलीला. त्याबद्दल थोडं लिहिणं भाग आहे. तो यजमान आणि मी, दोघंच वापरत होतो. त्यांच्या शेवटच्या काही महिन्यांत मी पुठ्ठ्याचे भाव बघायला बसले, की बाजूला कर्करोगाच्या औषधांच्या आणि रुग्णांच्या पलंगांच्या जाहिराती यायच्या. वैतागून मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, आपण एखाद्या साइटवर गेलो, की ती आपल्या कॉम्प्युटरवर छोटीशी नोंद ठेवते. तिला कुकी म्हणतात. तिच्यामुळे दर वेळी पासवर्ड टाकावा लागत नाही, ही सोय. पण जाहिरातवालेही कुकीज ठेवतात, आणि आपण काय बघितलं ते ओळखून जाऊ तिथे मागे लागतात." त्याने त्या पुसायला शिकवलं. यजमान शेजारी पुठ्ठा कापत होते. "आपोआप येत असेल गं. टाक पुसून," एवढंच म्हणाले. मग मी दर शनिवारी पुसत गेले. तीन महिन्यांनी ते गेले. मी फक्त कुकीज पुसल्या होत्या. त्यांनी काय काय शोधलं याची यादी कॉम्प्युटरवर तशीच होती, ती मुलीला सापडली. ती म्हणाली, "आई, तू रोज इथे बसायचीस. तुला माहीत नव्हतं?" मला माहीत नव्हतं, हे मी इथे लेखी सांगते.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. दुरुस्तीवाला त्यांतला एक. त्याने सहीसाठी पेन उचललं नाही.

कलम ४ ची दुरुस्ती: शेवटचं वाक्य खोटं आहे. ते रद्द समजावं.

त्या दिवशी दुरुस्तीवाल्याने आणखी एक सांगितलं होतं. "पुसल्यावरही त्याच जाहिराती आल्या, तर घरात कोणीतरी परत तेच शोधतंय असं समजा." सोमवारी त्या परत आल्या. मी काही शोधलं नव्हतं. मला त्याच सोमवारी कळलं.

मुली, पुढचं तुझ्यासाठी. ते सांगत नव्हते, मी विचारत नव्हते. खळ पातळ झाली का, पुठ्ठा कधी येणार, यावर आम्ही जेवताना बोलत होतो. तुझ्या भल्यासाठी लपवलं असं मी म्हणणार नाही. मी घाबरले होते. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग ते खरं झालं असतं. ते गेल्यावर मी काहीच पुसलं नाही. जाहिराती काही आठवडे येत राहिल्या. त्या थांबल्या तेव्हा मी खूप रडले.

तू दर रविवारी फोन करून विचारायचीस, "बाबा कसे आहेत?" मी म्हणायचे, "बरे आहेत." त्या तीन महिन्यांवर तुझाही हक्क होता. तुला न विचारता मी ते स्वतःकडे ठेवले, आणि या कागदाने ते तुला देता येत नाहीत.

सही: लिहून ठेवणारी, तुझी आई

साक्षीदार:
१. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला (सही केली)
२. शेजारच्या निवृत्त नर्सबाई (सही केली)

स्थळ: बांधणीची खोली
दिनांक: नऊ मार्च