अप्पांचा डावा हात

मंगळवार, संध्याकाळ

आठवडाभर आमची ऑटोमॅटिक गाडी तिसरा गिअर पडताना हिसका देत होती. आज मेकॅनिकला मागे बसवून गंगापूर रोडला चक्कर मारली. शेजारी माझे वडील, अप्पा. जन्मभर एसटी चालवली, आता नजरेमुळे स्टिअरिंग बंद. त्यांचा डावा हात सारखा हवेत गिअर टाकतो. मी रोज वैतागते, "अप्पा, हात स्वस्थ ठेवा ना!"

मेकॅनिक मात्र त्या हाताकडेच बघत होता. "ताई, काका बरोबर वेळेवर टाकतात. गाडीच उशीर करते. ऑटोमॅटिकलाही आत क्लच असतो, त्याचं सेटिंग गेलंय."

सेटिंग झालं. येताना गिअर कधी पडला, कळलंही नाही. "जमलं गं हिला," अप्पा म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला. घर येईपर्यंत तो हलला नाही.

मीच सांगत होते ना, स्वस्थ ठेवा म्हणून? मग वाटभर मी त्या हाताकडेच का बघत होते?